कोड उघडा आहे म्हणजे नेमकं काय उघडं आहे?

परवा भाचीने विचारलं, "आत्या, अँड्रॉइड ओपन सोर्स आहे असं सगळे म्हणतात ना, मग माझ्या फोनवर कुठलं ॲप टाकायचं हे गुगल कसं काय ठरवणार?" मी पटकन उत्तर द्यायला गेले आणि तिसऱ्या वाक्यात अडकले. प्रश्न दिसायला एकच आहे पण त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी गुंतल्यात आणि रोजच्या बोलण्यात आपण त्या सगळ्यांना ओपन सोर्स हा एकच शब्द वापरून मोकळे होतो. कुणी म्हणतं ओपन सोर्स म्हणजे फुकट, कुणी म्हणतं ओपन सोर्स म्हणजे सेफ, आणि कुणी म्हणतं टेक्नॉलॉजीत राजकारण कशाला आणता. मला या तिन्हीबद्दल बोलायचंय, पण आधी मूळ गोष्ट सांगते.

प्रोग्रॅम लिहिणारा जे लिहितो ते माणसाला वाचता येतं. समजा फोनमध्ये कुठेतरी लिहिलंय की बॅटरी १५ टक्क्यांच्या खाली गेली की स्क्रीनचा उजेड कमी कर. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे एक-दोन ओळींत येतं आणि ज्याने कधी कोड बघितला नाही त्यालाही साधारण अंदाज येईल इतकं ते सरळ असतं. हा झाला सोर्स कोड, आणि तो सगळ्यांना वाचायला-बदलायला दिला की झालं ओपन सोर्स. पण प्रोसेसरला ही ओळ कळत नाही, त्याला नुसते आकडे कळतात, म्हणून कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्या ओळींचे आकडे करतो आणि आपल्या हातात येतात ते फक्त आकडे. आता मला १५ च्या जागी २० हवंय. सोर्स कोड असेल तर ती ओळ शोधायची, १५ खोडून २० लिहायचं, परत कंपाइल करायचं. नुसते आकडे असतील तर त्या लाखो आकड्यांतला आपला १५ कुठला हे शोधण्यातच दिवस जातात, आणि बऱ्याच लायसन्समध्ये, म्हणजे वापरायच्या अटींमध्ये, तर असं उलगडून बघायलाच मनाई असते. म्हणजे वस्तू तुमची, पैसे तुम्ही दिले, पण ती काय करते ते वाचायचं नाही आणि बदलायचं तर अजिबात नाही.

हे कुणाला तरी पहिल्यांदा जोरात खटकलं ते एका प्रिंटरमुळे. साधारण १९८० ची गोष्ट, अमेरिकेत एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन काम करायचा. तिथल्या जुन्या प्रिंटरचा कागद अडकला की ज्यांचं प्रिंट रांगेत आहे त्यांना कॉम्प्युटरवर मेसेज जायचा, कारण लॅबमधल्यांनीच प्रोग्रॅममध्ये तशी सोय घातली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, वेगवान होता, पण कागद त्याचाही अडकायचा आणि सोर्स कोड मात्र दिला नव्हता. स्टॉलमनने दुसऱ्या युनिव्हर्सिटीत ज्याच्याकडे तो कोड होता त्याला गाठून मागितला, तर तो म्हणाला देता येणार नाही, मी कुणाला देणार नाही असं कंपनीला लिहून दिलंय. दुरुस्ती करायची तयारी आहे, अक्कल आहे, वेळ आहे आणि तरी करता येत नाही, हे त्याला इतकं लागलं की सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रोजेक्ट जाहीर केला, संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम अशी बनवायची की ती कुणालाही चालवता, वाचता, बदलता आणि पुढे वाटता येईल.

त्याने याला फ्री सॉफ्टवेअर म्हटलं, आणि फ्री या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ होतात, फुकट आणि मुक्त, त्यामुळे गेली चाळीस वर्षं ती मंडळी समजावत बसलीत की आम्हाला पैशांबद्दल बोलायचं नाहीये. मराठीत हा घोळ व्हायचं काही कारण नाही कारण आपल्याकडे फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत, तरी आपण तो घोळ इंग्रजीतून उचलून आणलाय याचं मला वाईट वाटतं. फुकट ॲप फुकट असतं, ते मुक्त असेलच असं नाही, उलट बरीच फुकट ॲप्स पूर्ण बंद असतात आणि आत काय चाललंय ते बनवणाऱ्यालाच माहीत. आणि मुक्त म्हणजे पैसे मिळत नाहीत हेही खरं नाही, रेड हॅट ही कंपनी सगळी ओपन सोर्सवर उभी राहिली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. ओपन सोर्स हा शब्द तर १९९८ चा, कंपन्यांना स्वातंत्र्य वगैरे ऐकून बिचकायला होतं म्हणून मुद्दाम काढलेला.

आता लायसन्स. हा भाग कंटाळवाणा वाटतो पण भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे म्हणून थोडं थांबून बघा. ढोबळमानाने उघड्या कोडची लायसन्स दोन स्वभावांची असतात. एक म्हणतं, घे, वापर, बदल, तुझ्या बंद प्रॉडक्टमध्ये घातलंस तरी चालेल, फक्त मूळ लिहिणाऱ्याचं नाव ठेव. एमआयटी आणि अपाचे ही लायसन्स अशी. दुसरं म्हणतं, घे, बदल, पण बदललेलं पुढे कुणाला दिलंस तर त्याचा सोर्स कोडही त्याला द्यायचा, मला जे मिळालं ते पुढच्यालाही मिळालं पाहिजे. हे जीपीएल, स्टॉलमनने १९८९ मध्ये आणलेलं. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहायला घेतला आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएलखाली टाकला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतला प्रत्येक कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो.

अँड्रॉइडच्याही तळाशी हाच कर्नल आहे, म्हणून फोन बनवणाऱ्या कंपनीला कर्नलचा कोड द्यावाच लागतो. त्याच्यावरचा अँड्रॉइडचा मुख्य थर अपाचे लायसन्सखाली आहे, तोही उघडा, पण त्यावर कुणी बंद गोष्टी चढवल्या तरी लायसन्सला चालतं. आणि तसंच झालंय. प्ले स्टोअर, प्ले सर्व्हिसेस, मॅप्स हे सगळं गुगलचं बंद सॉफ्टवेअर, आणि नोटिफिकेशन फोनपर्यंत पोचवणं, लोकेशन, हा फोन खरा आहे का याची तपासणी अशी असंख्य ॲप्सना लागणारी कामं त्या बंद थरातून होतात. ते सॉफ्टवेअर फोनवर हवं तर कंपनीला गुगलचं सर्टिफिकेट लागतं.

हा फरक जगाला २०१९ मध्ये उघड दिसला. मे महिन्यात अमेरिकन सरकारने हुआवे या चिनी फोन कंपनीला व्यापाराच्या काळ्या यादीत टाकलं, म्हणजे गुगलसारख्या अमेरिकन कंपन्यांना तिच्याशी परवानगीशिवाय व्यवहार करता येईना. अँड्रॉइडचा उघडा कोड हुआवेला वापरता येतच होता, तो कुणी काढून घेऊ शकलं नाही, पण त्या सप्टेंबरात मेट ३० आला तो गुगलच्या ॲप्सशिवाय आला. हार्डवेअर भारी, कॅमेरा भारी, आणि प्ले स्टोअर नाही. चीनबाहेर तो फोन घ्यायला लोक कचरले यात नवल नाही. कोड उघडा होता पण गुगलच्या सर्टिफिकेटचा शिक्का उघडा नव्हता, आणि जगात फोन विकायला शिक्का लागतो.

आता भाचीचा प्रश्न. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की सर्टिफाइड अँड्रॉइड फोनवर टाकायच्या ॲपमागचा डेव्हलपर कोण हे गुगलकडे ओळख देऊन नोंदवलेलं असलं पाहिजे, प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलं तरीसुद्धा, सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमधून आणि मग पुढे सगळीकडे. त्यावर बराच गदारोळ झाला, एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲप्सच्याच स्टोअरने कडक विरोध केला, आणि नोव्हेंबरमध्ये गुगलने सांगितलं की धोका समजून घेऊन टाकणाऱ्या अनुभवी लोकांसाठी वेगळी वाट ठेवू. गुगलचं कारण खोटं नाही हे आधी सांगते, फोनवर गोड बोलून घाबरवून ॲप टाकायला लावायचं आणि खातं रिकामं करायचं असे प्रकार खरंच होतात आणि त्यात म्हातारी माणसं जास्त सापडतात. पण त्यासाठी जगातल्या प्रत्येक डेव्हलपरचं नाव एका कंपनीच्या वहीत असावं हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ऑक्टोबर २०१९, हाँगकाँगमध्ये आंदोलन चालू होतं, पोलीस कुठे आहेत ते नकाशावर दाखवणारं एक ॲप ॲपलने स्टोअरमधून काढलं, त्याआधी चिनी सरकारी माध्यमांनी ॲपलवर टीका केली होती. ऑक्टोबर २०२५, अमेरिकेत इमिग्रेशनचे अधिकारी कुठे दिसले ते लोकांनी नोंदवायचं आइसब्लॉक नावाचं ॲप ॲपलने काढलं, अमेरिकेच्या न्याय खात्याने तशी मागणी केल्यावर. ही दोन ॲप्स चांगली होती की वाईट यावर तुमचं-माझं मत वेगळं असेल, असू दे. मुद्दा हा की दोन्ही वेळा सरकारला लाखो फोनच्या मागे जावं लागलं नाही, एका दाराशी, एका कंपनीवर दबाव आला की काम झालं. दार एकच असलं की ते बंद करणं सोपं असतं. आज तुम्हाला नावडतं ॲप गेलं म्हणून बरं वाटेल, उद्या सरकार बदलेल, दार तेच राहील. म्हणून टेक्नॉलॉजीत राजकारण आणू नका म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की ते आणायला कुणी लागत नाही, कुणाच्या हातात बटण आहे हा प्रश्न आला की राजकारण आलंच.

तर भाचीला उत्तर असं, की अट कोडमध्ये नाहीये, सर्टिफिकेटमध्ये आहे. बिनशिक्क्याचा अँड्रॉइड टाकलास तर ही अट तुला लागू नाही, पण मग काही बँकांची ॲप्स उघडणार नाहीत. कोड वाचायचा हक्क तुला आहे, बदलायचा आहे, पण बदललेला फोन रोजच्या जगात चालेलच याची हमी नाही. हे ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली, मग उघडा असून उपयोग काय?

उपयोग आहे. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, कीबोर्ड चांगला, स्क्रीन चांगली, पण नवीन अपडेट मिळणार नाही, नवा घ्या असा मेसेज रोज यायचा. मी त्यावर लिनक्स टाकलं. एका संध्याकाळी झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल, दोन संध्याकाळी गेल्या कारण वायफाय चालेना, त्या चिपला लागणारी एक बंद फाइल वेगळी शोधून टाकावी लागली, पण मग चाललं आणि आजही हे त्याच्यावरच लिहितेय. बनवणाऱ्याने हात काढून घेतला तरी वस्तू मरत नाही, कारण दुसरं कुणीतरी ती पुढे चालवू शकतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला ठराविक सिक्युरिटी चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट असलेली कितीतरी मशीन्स एका तारखेने जुनी झाली. तारीख कुणी ठरवली, तर ज्याच्याकडे कोड आहे त्याने.

आता सेफ असण्याबद्दल, कारण इथे ओपन सोर्सवाले पण जरा जास्तच छाती फुगवतात. सगळ्यांना दिसतंय म्हणजे चूक लपणार नाही असं म्हणतात. २०२४ मध्ये काय झालं बघा. एक्सझेड नावाचं फाइल लहान करायचं एक छोटंसं सॉफ्टवेअर आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळायचा मुख्यतः एक माणूस, लासे कोलिन, पगार नाही, छंद म्हणून. जिया टॅन हे नाव घेतलेलं कुणीतरी हळूहळू त्याला मदत करायला लागलं, छोटे छोटे पॅच म्हणजे दुरुस्त्या, सभ्य भाषा, असं दोन वर्षांहून जास्त चाललं. मधल्या काळात दुसऱ्याच काही नावांनी कोलिनला मेल येत राहिल्या की तू फार हळू काम करतोस, दुसऱ्या कुणाला अधिकार दे. शेवटी जिया टॅनला अधिकार मिळाले आणि त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घातला, ज्यातून लांबूनच सर्व्हरचा ताबा घेता आला असता. तो लपवला होता टेस्टसाठी ठेवलेल्या फाइलींमध्ये, ज्या वाचायला कुणी जात नाही.

आणि सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर, मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा, पोस्टग्रेस डेटाबेसचा वेग मोजत होता आणि त्याला दिसलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपल्यापैकी कुणालाही ते जाणवलं नसतं, जाणवलं असतं तर नेट स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, खोदत खोदत एक्सझेडपर्यंत पोचला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं. बहुतेक मोठ्या सर्व्हरपर्यंत ती आवृत्ती पोचायच्या आधी.

मला या गोष्टीतून दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही एकदम खऱ्या आहेत. कोड उघडा होता म्हणून फ्रॉइंडला कुणाची परवानगी न घेता मुळापर्यंत जाता आलं. आणि कोड उघडा असूनही तो आठवडेच्या आठवडे कुणी नीट बघितला नव्हता. वाचता येणं आणि कुणीतरी वाचणं यात फरक आहे, आणि वाचायला माणूस लागतो, त्याला वेळ लागतो, घर चालवायला पैसे लागतात. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या ज्या विटेवर उभ्या आहेत ती वीट एक थकलेला माणूस रात्री जागून सांभाळतोय हे मला लाजिरवाणं वाटतं. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाची चूक सापडली तेव्हाही हेच झालं होतं, दोन वर्षं चूक तिथेच होती आणि सांभाळणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके.

सरकारांचं काय? इथे मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जर्मनीचं. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी संपर्क शोधायची ॲप्स निघाली, लोकांना साहजिकच भीती की सरकार आपण कुणाला भेटतो ते बघणार. जर्मनीने त्या ॲपचा सगळा कोड उघडा टाकला, आणि एरवी सरकारवर तुटून पडणाऱ्या जाणकारांनाही तो वाचून बघता आला. विश्वास ठेवा असं सांगावं लागलं नाही, बघा असं सांगता आलं. स्वित्झर्लंडने तर १ जानेवारी २०२४ पासून कायदाच लागू केला की केंद्र सरकारसाठी बनलेल्या सॉफ्टवेअरचा कोड उघडा करायचा, तिसऱ्याचे हक्क किंवा सुरक्षेचं कारण असेल तर सूट. लोकांच्या पैशाने बनलेली गोष्ट लोकांना बघता यावी यात मला तरी वादाचं काही दिसत नाही.

ऑफिसातलं सॉफ्टवेअर बदलणं मात्र सोपं नसतं. म्युनिक शहराने २००३ मध्ये ठरवलं लिनक्सवर जायचं, दहा वर्षं खपून १५ हजारांच्या आसपास कॉम्प्युटर हलवले, मग मेयर बदलले आणि २०१७ मध्ये ठरलं परत विंडोजवर. उत्तर जर्मनीतलं श्लेसविग-होल्स्टाइन राज्य आता त्याच वाटेने निघालंय, २०२४ मध्ये त्यांनी ३० हजार कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस हे ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअर आणायचं जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून जास्त मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टकडून ओपन सोर्सवर हलवून झाले. फरक काय, तर म्युनिकच्या वेळी लोक खर्च वाचेल का विचारत होते आणि आता विचारतात की उद्या दुसऱ्या देशाच्या सरकारने तिथल्या कंपनीला सेवा बंद करायला सांगितलं तर आपलं ऑफिस चालेल का.

ही भीती हवेतली नाही. जुलै २०१९ मध्ये अमेरिकन निर्बंधांमुळे गिटहबने, म्हणजे जगभरचे डेव्हलपर आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटने, इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या डेव्हलपरांची खाती मर्यादित केली, लोक सकाळी उठले तर स्वतःचाच खाजगी कोड उघडेना. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द लिनक्सच्या मेंटेनरच्या, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांच्या, यादीतून रशियाशी संबंधित डझनभर नावं निर्बंधांचं कारण देऊन काढली. त्यांनी लिहिलेला कोड तिथेच राहिला, नावं गेली. हे वाचून मला खूप अस्वस्थ वाटलं होतं, कारण युद्ध सुरू करणारी माणसं वेगळी आणि कोड लिहिणारी वेगळी. पण कोडला देश नसला तरी सर्व्हरला असतो, संस्थेला असतो, माणसाला पासपोर्ट असतो.

एआयबद्दल थोडक्यात, कारण तिथे उघडा शब्द सर्रास सैल वापरला जातो. मॉडेल डाउनलोड करून चालवता येतं म्हणजे शिकून तयार झालेले आकडे मिळाले, ते कशावर शिकलं ते मिळालंच असं नाही, म्हणजे परत वरचीच गोष्ट, आकडे हातात आणि मूळ लिखाण नाही. त्यात मेटाच्या लामा या मॉडेलला महिन्याला ७० कोटींहून जास्त युजर असलेल्या कंपन्यांनी वेगळी परवानगी घ्यायची अट आहे, त्यामुळे मी त्याला ओपन सोर्स म्हणणार नाही. डीपसीक या चिनी कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये आर१ हे मॉडेल एमआयटी लायसन्सखाली दिलं, अट जवळपास नाही, पण शिकवायला वापरलेला डेटा त्यांनीही दिलेला नाही.

एवढं सगळं ऐकून भाचीने फोन पुढे केला, म्हणाली, माझ्या फोनमध्ये उघडं काय काय आहे ते दाखव. सेटिंग्जमध्ये अबाउट फोनच्या आत कायदेशीर माहिती असते, त्यात थर्ड पार्टी लायसन्स. उघडायलाच वेळ लागला इतकं ते पान लांब. ती अंगठ्याने खाली खाली जात राहिली, नावं, वर्षं, लायसन्सचा मजकूर, परत नावं. एका ठिकाणी थांबली. झेडलिब, आणि खाली दोन माणसांची नावं, जाँ-लू गाइली आणि मार्क ॲडलर, १९९५ पासून. हे कोण, म्हणाली. मी म्हटलं, मघाशी तू मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवलास ना, ती पीएनजी फाइल होती, आणि पीएनजीतली माहिती दाबून लहान करायचा कोड या दोघांनी लिहून सगळ्यांना देऊन टाकला. तिने वर जाऊन नावं परत वाचली आणि मग आणखी खाली सरकवायला लागली.